तीन अध्यक्षांचा पाटकरी

गावाला नवा अध्यक्ष मिळाला की दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाकू पाटकरी त्याच्या दारात येऊन उभा राही आणि त्याला तलावावर घेऊन जाई. मातीच्या भरावाच्या एका टोकाशी पोचल्यावर तो म्हणे, "पायातलं काडा. हितनं पल्याडच्या सांडव्यापतुर अनवानी चला." कारण विचारले तर सांगे, "वरनं बगितलं तर भराव समदा सारकाच दिसतोय. तळव्याला कळतोय, कुटं गार लागतोय, कुटं दबतोय ते. मला एकट्याला ठावं असून काय उपेग? अध्यक्षाला नगं ठावं?"

मी त्या गावचा तिसरा अध्यक्ष. मी वहाणा काढल्या नाहीत. भरावावर कुसळे होती, बरोबर चार प्रतिष्ठित माणसे होती, आणि पुण्याला कायद्याचा अभ्यास करून आलेल्या माणसाने धनगराच्या सांगण्यावरून अनवाणी चालावे हे मला प्रशस्त वाटले नाही. मी म्हणालो, "म्हाकू, तलावाचा नकाशा असेल तो दाखव. पायाला काय कळणार?" तो हसला नाही आणि रागावलाही नाही. "बरं," म्हणाला आणि माझ्या पुढे चालू लागला. मध्यावर आल्यावर तो एका जागी थांबला, टाच दाबली, आणि माझ्याकडे न पाहता पुढे गेला. तेथे काय आहे हे मी विचारले नाही. आज पन्नाशी उलटल्यावर त्या सकाळची आठवण झाली की माझ्याच पायांची मला लाज वाटते.

आमचे गाव सातारच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातले, एका लहान संस्थानातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात संस्थानाच्या राजेसाहेबांनी गावांचा कारभार गावांच्याच हाती दिला. आम्ही पंच निवडायचे आणि त्यांतला एक अध्यक्ष. गावात भांडणाला आणि अभिमानाला एकच गोष्ट होती, ती म्हणजे तलाव. त्याचे पाणी पाळीपाळीने शेतांत सोडण्याचे, त्यासाठी तळाची मोरी उघडण्याचे आणि भरावावर नजर ठेवण्याचे काम पाटकऱ्याचे. म्हाकूच्या बापजाद्यांनी मेंढरे राखली होती. दुष्काळात मेंढरे गेली आणि तो पाण्याचा राखणदार झाला. साठीचा, उंच, सुकलेल्या बाभळीसारखा ताठ. खांद्यावर घोंगडे, हातात काठी. मोरीच्या तोंडाशी कान लावून तो आत किती पाणी आहे ते सांगे, आणि काठी बुडवून पाहिली तर चार बोटांचाही फरक पडत नसे.

त्याला अध्यक्षांविषयी बोलायला आवडे. चावडीच्या कट्ट्यावर बसून तो त्यांची तुलना करी आणि ज्याच्याविषयी बोलणे चाललेले असे तोही ऐकतो आहे याची पर्वा करीत नसे.

आमचे पहिले अध्यक्ष फौजेतून परतलेले सुभेदार होते. एका श्रावणात भरावाला खेकड्यांच्या बिळातून गळती लागली, तेव्हा ते मातीचे पोते पाठीवर घेऊन सर्वांच्या आधी पाण्यात उतरले आणि त्यांच्यामागे सारे गाव उतरले. परंतु पाण्याची पाळी चोरणाऱ्याच्या त्यांनी भर चावडीत थोबाडीत दिली, आणि एका हंगामात त्यांनी मोरी अवेळी बंद ठेवली तेव्हा पिके वाळत असताना कोणी त्यांना सांगायला धजले नाही. अखेर म्हाकूनेच सांगितले. "सुभेदारसायबाला चूक सांगायची म्हंजी आदी पळायची वाट बगून ठिवायची," असे तो म्हणे.

दुसरे अण्णा. गावातले वयोवृद्ध शेतकरी, स्वभावाने इतके मऊ की लोक त्यांना गृहीत धरीत. तलावाखालचे रान कुणी पहिल्यांदा भिजवायचे या एका प्रश्नावर ते चावडीसमोरच्या लिंबाखाली तीन दिवस बसले. ज्यांची जमीन नव्हती त्यांनाही विचारले, विहिरीवर जाऊन बायकांना विचारले. तेवढ्यात कुणाचा कांदा सुकला आणि त्याने अण्णांना शिव्या घातल्या. पण तिसऱ्या दिवशी जो निर्णय झाला तो पुढे कोणी मोडला नाही. "अण्णाच्या वक्ताला मला राखण करावीच लागली न्हाई," म्हाकू सांगे. "समद्यांचं ऐकल्यालं, मंग चोरायचं कुनी?"

हे दोघे एकमेकांपासून इतके निराळे असूनही एका बाबतीत सारखे होते. सांडव्याच्या फळ्यांचा निर्णय दोघांनीही म्हाकूवर सोडला होता. जास्तीचे पाणी ज्या दगडी तोंडातून वाहून जाते तो सांडवा. पावसाळा संपताना त्या तोंडावर जाड लाकडी फळ्या बसवीत, म्हणजे हातभर पाणी जास्त अडे आणि शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, एक भिजवण अधिक मिळे. मात्र परतीचा पाऊस डोंगराकडे जोरात कोसळला तर त्या फळ्या वेळीच काढाव्या लागत. उशीर झाला की पाण्याच्या दाबाने त्या खोबणीत अशा आवळून बसत की कोणाच्या बापाला हलत नसत. त्या कधी काढायच्या हे म्हाकू आभाळ पाहून ठरवी.

एके दिवशी मी चावडीत शिरत होतो आणि आत हशा चालला होता. कोणी तरी म्हाकूला छेडत होते.

"म्हाकूतात्या, सांग की रं, कुठला अध्यक्ष ब्येस?"

"सुभेदार पुडनं चालायचा. अण्णा मदनं चालायचं."

"आन् वकीलसायेब?"

"त्येंनी अजून चालायला कुटं सुरवात केलीया गड्या?"

मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो. त्या वाक्यात विष नव्हते, आज मला ते कळते. तो माझी वाट पाहत होता, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या दिवशी मी ते मनात ठेवले, आणि पुढे जे घडले त्याचे मूळ मी तेथेच शोधतो.

माझ्या पहिल्याच वर्षी दसऱ्यानंतर पश्चिमेला ढग चढले. म्हाकूने दुपारी फळ्या काढल्या आणि हातभर पाणी ओढ्यात सोडून दिले. ढग मात्र दुसरीकडेच बरसले. संध्याकाळी आभाळ लख्ख झाले आणि शाळूची एक भिजवण वाहून गेली. गाव खवळले. मी म्हाकूला चावडीत बोलावून घेतले, बसायला सांगितले नाही.

"कुणाला विचारून फळ्या काढल्यास?"

"आभाळाला," तो म्हणाला.

लोक हसले. ते मलाच हसले असे मला वाटले. मी तेथल्या तेथे नियम लिहिला : यापुढे अध्यक्षाच्या सहीच्या चिठ्ठीवाचून सांडव्याची एकही फळी निघणार नाही. तो वाचून दाखवला आणि म्हाकूचा अंगठा घेतला. पक्षपाताला आणि लहरीला आळा बसेल असे मी पंचांना सांगितले. ते खोटे नव्हते, पण सगळे खरेही नव्हते.

अंगठ्याची शाई धोतराला पुशीत म्हाकूने विचारले, "आवं वकीलसायेब, पानी चिठ्ठीसाटनं थांबल व्हय?"

"पाणी थांबणार नाही," मी म्हणालो. "तू थांबायचंस."

त्याने धोतराचा सोगा सोडून दिला. "बरं. थांबंन. शबूद दिला."

ते वर्ष निभावले. पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर लागला, तलाव भाद्रपदातच काठोकाठ आला, फळ्या बसल्या, आणि गावात आनंद असताना म्हाकू मात्र बोलेनासा झाला. भरावाखालच्या विहिरीचे पाणी गढूळ येऊ लागले. तो एक दिवस तांब्याभर पाणी घेऊन माझ्याकडे आला आणि ओट्यावर ठेवले. तळाशी बोटभर तांबूस गाळ बसला होता. "ही भरावाची माती हाय," तो म्हणाला. मी विहीर उपसण्याचा हुकूम लिहून दिला. आठवड्याने तो पुन्हा आला. भरावाच्या पायथ्याशी म्हशी बसत नाहीत, म्हणाला. बसवल्या तरी उठतात, खालची भुई हललेली त्यांना कळते. मी हसलो. त्याची नजर माझ्या हसण्यावर जी खिळली ती मला अजून दिसते.

"येकदा चला की," तो म्हणाला. "मदल्या अंगाला दबतोय. निस्तं येकदा चला."

"सांगलीहून आल्यावर येतो," मी म्हणालो.

सांगलीला गावोगावच्या अध्यक्षांचा मेळावा होता आणि मला भाषणाचे आमंत्रण होते. विषय मीच सुचवला होता : ग्रामाध्यक्षांच्या कारभाराच्या पद्धती. निघायच्या आधी म्हाकू वेशीशी उभा होता. "चिठ्ठी लिवून ठिवून जावा," एवढेच म्हणाला. कोऱ्या चिठ्ठीवर सही करून ठेवणे म्हणजे नियमालाच हरताळ, असे मी त्याला समजावून सांगितले. त्याने समजल्यासारखी मान हलवली.

सांगलीच्या त्या सभागृहात दुपारी मी तासभर बोललो. काही अध्यक्ष पराक्रमाने राज्य करतात, काही संमतीने आणि काही नियमाने, असे मी मांडले. सुभेदारांचे नाव न घेता त्यांची थोबाडीत सांगितली, अण्णांचा सुकलेला कांदा सांगितला, आणि व्यक्तीच्या लहरीवर न विसंबता कारभार चालवणारा नियमच श्रेष्ठ, हे सिद्ध करण्यासाठी सांडव्याच्या चिठ्ठीचे उदाहरण दिले. टाळ्या झाल्या. बाहेर पाऊस इतका कोसळत होता की मागच्या रांगांना ऐकू येईना, म्हणून मी आवाज चढवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विट्याच्या मोटारतळावर उतरलो. गावचा एक माणूस तेथे भिजून बसला होता. त्याला माझ्याकडे चिठ्ठीसाठी घोड्यावरून पाठवले होते. ओढ्याच्या पुराने त्याला वाटेत अडवून धरले, आणि मागून आलेल्या दुसऱ्याने त्याला गाठून आता पुढे जाऊ नको म्हणून सांगितले होते. तो मला म्हणाला, "तलाव ग्येला."

पुढचे मी अनेकांकडून ऐकून जुळवले आहे. आदल्या दिवशी सकाळीच डोंगर काळा झाला होता. म्हाकू उपाध्यक्षांकडे गेला. ते भिडस्त गृहस्थ म्हणाले, "नियमात माझी सही लिहिलेली नाही रे बाबा." तो तीनदा गेला, तीनदा तेच उत्तर घेऊन आला. मग त्याने घोडेस्वार पाठवण्याचा आग्रह धरला, आणि स्वतः भरावाखालच्या धनगरवाड्यात गेला. तेथे सात घरे होती, त्यांत एक त्याचे. म्हातारी माणसे, पोरे, भांडी, सगळे त्याने टेकडीवर चढवले. ते झाल्यावर तो सांडव्यावर जाऊन फळ्यांवर हात ठेवून बसला. लोक काठावरून ओरडत होते, "काड की रं म्हाकू! काड!"

"शबूद दिलाय," तो म्हणत होता.

पाणी भरावाच्या माथ्यापासून वीतभर राहिले तेव्हा त्याने शब्द मोडला. कुऱ्हाड घेऊन उतरला. दोन फळ्या फुटल्या. तिसरी हलली नाही. आणि मध्यावर, जेथे त्याने माझ्यासमोर टाच दाबली होती तेथे, भराव खचला. त्याची बायको सगुणा डालग्याखाली झाकलेली कोकरे आणायला टेकडीवरून पुन्हा खाली गेली होती. दोन दिवसांनी ती दीड कोसावर सापडली. बाकी एकही माणूस गेले नाही.

पंधरा दिवसांनी संस्थानाचे अधिकारी चौकशीला आले. शाळेत टेबल मांडले. सारे गाव भिंतीशी उभे. फळ्या वेळेवर का निघाल्या नाहीत, हा एकच प्रश्न होता.

"चिठ्ठी न्हवती," म्हाकू म्हणाला.

अधिकारी माझ्याकडे वळले. "असा नियम होता?"

नियम लिहिलेला होता, त्यावर अंगठा होता. तो नाकारणे शक्य नव्हते. मी म्हणालो, "नियम होता. परंतु संकटाच्या वेळी चिठ्ठीची वाट पाहू नये, असे मी पाटकऱ्याला खाजगीत सांगून ठेवले होते."

असे मी कधीही सांगितले नव्हते. हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होते.

अधिकाऱ्यांनी म्हाकूला विचारले, "अध्यक्ष म्हणतात ते खरं?"

त्याने माझ्याकडे तोंड केले. त्याच्या बायकोचे दिवस नुकतेच झाले होते, डोके भादरलेले होते, त्यामुळे त्याचे कपाळ मला अनोळखी वाटले. भिंतीशी सुभेदार उभे होते, अण्णा उभे होते.

"व्हय," म्हाकू म्हणाला. "म्हनलं व्हतं त्येंनी. माज्याच ध्येनात न्हाई ऱ्हायलं."

निकालात "पाटकऱ्याचा हलगर्जीपणा" असे लिहिले गेले आणि त्याला कामावरून काढले. शाळेच्या मागे मी त्याला गाठले. "का रे असं केलंस?" एवढेच विचारले.

"तलाव फुटला तेवढं बास झालं," तो म्हणाला. "अध्यक्षच खोटा निगाला तर उद्या भराव बांधाय कुनाच्या मागं जातील ह्ये? बांधा तेवडा. ह्या वर्साच बांधा." आणि घोंगडे झटकून चालू लागला.

भराव मी बांधला. सुभेदार पोती घेऊन उतरले, अण्णांनी घरोघर जाऊन माणसे आणली, मी रोज मातीत उभा राहिलो. लोक म्हणाले, वकीलसाहेब बदलले. मला ते ऐकवत नसे.

दोन वर्षांनी, संस्थान विलीन झाल्यानंतर, मी म्हसवडच्या जत्रेत म्हाकूला पाहिले. देवळाच्या मागच्या बाजूला तो घोंगडी विकत बसला होता. पुष्कळ खंगला होता. मी शेजारी बसलो आणि क्षमा मागितली. त्याने गिऱ्हाइकाला घोंगड्याची वीण दाखवीत ऐकून घेतले.

"मला काय सांगताय? मला ठावं हाय की," तो म्हणाला. "माज्या कोंडीला सांगा."

कोंडाबाई ही त्याची एकुलती एक लेक, तेथून चार कोसांवरच्या वस्तीत दिलेली. आईच्या मृत्यूनंतर तिने विचारले होते, "आबा, सांगून ठिवलं व्हतं तर फळ्या का न्हाई काडल्या?" त्याने उत्तर दिले नव्हते. चौकशीत एकदा "व्हय" म्हणून झाले होते आणि ते त्याला मागे घेता येत नव्हते. तेव्हापासून तिने त्याला घरात घेतले नव्हते. नातवंडांना तो जत्रेत लांबून पाही.

"म्या सांगितलं तर म्हनंल, आता लपवाय बगतोय," म्हाकू म्हणाला. "तुमी सांगितलं तर आयकंल. लय न्हाई, येकदाच जावा. तेवडं करा."

मी त्याचा हात धरून कबूल केले. पण त्या महिन्यात मी साताऱ्याच्या एका मोठ्या संस्थेच्या अध्यक्षपदासाठी उभा होतो. तलाव फुटूनही ज्याने वर्षात भराव उभा केला तो माणूस, अशी माझी ओळख करून दिली जात होती. कोंडाबाईला सांगितलेली गोष्ट चार दिवसांत साताऱ्यात पोचली असती. निवडणूक होऊ दे, मग जाऊ, असे मी ठरवले. निवडणूक झाली. मी निवडून आलो. मग सत्कार झाले, मग पहिली सभा झाली. माघ उजाडला तेव्हा कोणी तरी सहज सांगितले की म्हाकू धनगर गेला, लेक मातीला आली नाही.

मी दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहिला आणि तिच्या वस्तीवर गेलो. कोंडाबाई अंगणात बाजरी पाखडत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले : नियम, वेशीवर नाकारलेली चिठ्ठी, शाळेतले खोटे, म्हसवडचे वचन. काही वगळले नाही. तिचे सूप मध्येच थांबले.

"आबा हुता तवा का न्हाई आलासा?" तिने विचारले.

माझ्याजवळ कारण होते. ते मी तिला सांगितले, कारण आता आणखी एक खोटे बोलण्याची ताकद माझ्यात नव्हती. तिने ऐकले. मग सूप खाली ठेवले, आत गेली आणि दार ओढून घेतले. मी उन्हात उभा राहिलो. थोड्या वेळाने तिचा थोरला मुलगा बाहेर आला, माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाला, "आई म्हनतीया, पानी पिऊन जावा."